सूर्याची पाठ

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यानिमित्त बीबी येथे झालेले भाषण)



मेळाव्यात बोलण्यासाठी आम्ही हा विषय कळविला, तेव्हा चिटणिसांनी मोठ्या सौजन्याने सुचविले की, गुरुजी, विषय जरा लांबचा वाटतो. तो पंधरा कोटी किलोमीटर लांबचा आहे, हे आम्हांस मान्य आहे. शिष्यवृत्ती-निधी, वधूवर-सूचीची दुरुस्ती आणि वसतिगृहाची वर्गणी हे विषय आजच्या पत्रिकेत आहेतच आणि त्यांवर बोलणारी मंडळी आमच्यापेक्षा अधिकारी आहेत. आम्ही मात्र तेहेतीस-चौतीस वर्षे अंगावर राहिलेले एक देणे फेडण्यासाठी उभे आहोत. देणे याच परिसरातील आहे, आणि ज्याचे आहे तो गृहस्थ आज मंडपात सहकुटुंब उपस्थित आहे.

१९९१ सालच्या हिवाळ्यातील गोष्ट. आम्ही तेव्हा या भागातील एका शाळेत विज्ञान शिकवीत होतो. दुर्बीण शाळेत नव्हती. एका स्नेह्याकडून जुनी जोडदुर्बीण मागून आणली, तिची एक नळी पुठ्ठ्याने बंद केली, वर्गाच्या खिडकीला गोणपाट लावून अंधार केला आणि दुसऱ्या नळीतून येणारे सूर्याचे बिंब पांढऱ्या कागदावर पाडले. बिंबावर काळे ठिपके होते. त्या वर्षी सूर्यावर डागांची रेलचेल होती, त्यामुळे आमचा प्रयोग फसण्याचे भय नव्हते. मुलांनी वहीत रोज एक वर्तुळ काढून त्यात डागांच्या जागा मांडावयाच्या, असा नेम ठरविला. एक ठळक डाग एका काठावर उगवला, रोज थोडा थोडा सरकत मध्यावर आला आणि तेराव्या दिवशी दुसऱ्या काठावर बारीक रेघेसारखा होऊन नाहीसा झाला. सूर्य स्वतःभोवती फिरतो ही गोष्ट मुलांनी पुस्तकात वाचली होती. ती त्यांनी त्या दिवशी पाहिली.

त्यावर मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, थो डाग मांगं गेला, आता तिकडं काय करत असन?"

आम्ही उत्तर दिले, "जे दिसत नाही, त्याची चौकशी शास्त्र करीत नाही. खाली बस."

वर्ग हसला आणि मुलगा खाली बसला. आमचे उत्तर दोन्ही अंगांनी चुकीचे होते. एक तर जे दिसत नाही त्याचीच चौकशी शास्त्र अधिक हौसेने करते; आणि दुसरे, नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेतील दोन संशोधक हाच प्रश्न गांभीर्याने सोडवू पाहत होते. बीबीच्या पंचक्रोशीतील एका शेतकऱ्याच्या मुलाला पडलेला प्रश्न त्या विद्वानांनाही पडला होता, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

आता मूळ विषयाकडे वळू. सूर्यावरील डाग म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. सूर्याच्या पृष्ठाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस असते. डागाच्या ठिकाणी ते हजार-दीड हजार अंशांनी कमी असते. म्हणून तो भाग भोवतालच्या झगमगाटात काळा दिसतो; तोच डाग एकटा आकाशात टांगता आला, तर चांगला तेजस्वी दिसेल. तेथे अतिशय प्रबळ चुंबकीय क्षेत्र पृष्ठातून वर आलेले असते आणि ते खालून येणारी उष्णता अडवून धरते. ही कल्पना नवी असली, तरी डागांची जाणीव नवी नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सूर्यबिंबावर दिसणाऱ्या 'तामसकीलक' नावाच्या तेहेतीस केतूंचे वर्णन आहे; हे सूर्याचे डागच असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या ग्रंथात ते राजाच्या अरिष्टाची चिन्हे ठरले आहेत. फलज्योतिषाचा तो भाग आम्ही बाजूस ठेवतो. परंतु सूर्याकडे कोणी तरी इतक्या बारकाईने पाहत होते, याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

राजावर नाही, पण पृथ्वीवर या डागांचे परिणाम खरोखरच होतात. डागांच्या समूहातील चुंबकीय क्षेत्र पिळवटत जाते आणि केव्हा तरी त्याचा एकाएकी भडका उडतो. कधी कधी त्यासोबत अब्जावधी टन विद्युत्भारित वायू अवकाशात फेकला जातो. तो आपल्या दिशेने आला, तर एक ते तीन दिवसांत पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो. याचा सर्वांत मौल्यवान पुरावा आपल्याच महाराष्ट्रात नोंदविलेला आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याचे डाग रेखाटीत बसले असता त्यांना डागांच्या समूहावर पांढराशुभ्र भडका दिसला. त्यानंतर सतरा-अठरा तासांनी, २ सप्टेंबरच्या सकाळी, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकसुई खाली कोसळली. आडव्या चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट झाली, म्हणजे शेकडा चार. आकडा लहान वाटेल. पण ज्या सुईचे चढउतार एरवी या मापाने दहावीसांत किंवा फार तर शंभरात मोजतात, तिच्यासाठी तो भूकंप होता. तिथले निरीक्षक तासातासाला डोळ्यांनी मोजमाप वाचून वहीत टिपत आणि सुई अस्वस्थ झाली की काही मिनिटांच्या अंतराने टिपत. त्या कारकुनी वाटणाऱ्या कामामुळेच आज जगातील शास्त्रज्ञ त्या वादळाचा जोर ठरविताना कुलाब्याच्या वहीचा आधार घेतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सुई बिघडणार, म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेण्यात आली. मात्र एकदम स्थलांतर केले असते, तर नोंदींची साखळी तुटली असती. म्हणून १९०४ ते १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली गेली. हे काम नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत झाले. कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. अलिबागची वेधशाळा आजही भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या छत्राखाली चालू आहे. आम्ही एकदा अलिबागला सहलीस गेलो होतो. लोक किल्ला पाहण्यास धावत होते. वेधशाळेच्या फाटकापाशी आम्ही एकटेच उभे होतो.

कोणी म्हणेल, सुई हलली म्हणून आमचे काय बिघडले? १८५९ साली फारसे बिघडले नाही, तारायंत्रे तेवढी वेडावली. पण १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताचे वीजजाळे अशाच वादळाने दोन मिनिटांच्या आत कोसळले आणि साठ लक्ष लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. मे २०२४ मधील वादळात अमेरिकेतील शेतकऱ्यांचे उपग्रहाच्या आधारे चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत रेषा चुकू लागले आणि काहींना काम थांबवावे लागले. पेरणीचा दिवस हुकणे म्हणजे काय, हे या सभेस समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून प्रश्न असा उभा राहतो. सूर्याला पृथ्वीच्या दृष्टीने एक फेरा पुरा करण्यास सुमारे २७ दिवस लागतात. त्यातील अर्धे दिवस डाग आपल्यासमोर असतो आणि अर्धे दिवस पाठीमागे. पाठीमागे एखादा डाग जन्मला, वाढला, पिळवटला आणि तयार होऊनच काठावर उगवला, तर आपणांस पूर्वसूचना शून्य. चोर वेशीतून आत आल्यावर दिसावा, तसे ते होते. पाठीमागे काय चालले आहे हे कळले, तर आठवडा-दीड आठवडा आधी सावध होता येईल.

सूर्याच्या पाठीमागे पाहण्याचा पहिला मार्ग निघाला तो डोळ्यांनी नव्हे, तर आवाजाने. सूर्य हा उकळत्या वायूचा गोळा आहे. गुऱ्हाळातील काहिलीत रस रटरटतो तेव्हा आवाज होतो, तसाच आवाज तेथेही अखंड होत असतो. अवकाश पोकळ असल्याने तो आपल्यापर्यंत येत नाही. पण त्या ध्वनिलहरींनी सूर्याचे पृष्ठ सुमारे पाच-पाच मिनिटांच्या तालात वरखाली हालत असते. ही हालचाल १९६० च्या सुमारास अमेरिकेतील रॉबर्ट लेटन यांनी प्रकाशाच्या बारीक अभ्यासातून प्रथम ओळखली. आता पाहा: पृष्ठावर उठलेली लहर आत शिरते, खोल गेल्यावर तेथील उष्णतेमुळे वळते, पुन्हा पृष्ठाशी येऊन आपटते, परत फिरते आणि अशा उड्या घेत सूर्याच्या पाठीमागून समोर येते. या प्रवासास तिला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. म्हणजे समोरच्या पृष्ठावर आज जे कंपन आहे, त्यात पाठीमागचा निरोपही मिसळलेला आहे. प्रश्न तो वाचण्याचा.

येथे आम्हांस विहिरीचा दृष्टांत सोयीचा वाटतो. कोरड्या विहिरीत हाक मारली, तर प्रतिध्वनी उशिरा येतो. पावसाळ्यात पाणी वर आले, की तीच हाक लवकर परतते. जाणता माणूस डोकावून न पाहताही पाण्याचा अंदाज घेतो. सूर्यावर डागांच्या प्रदेशात चुंबकीय क्षेत्रामुळे पृष्ठ किंचित खाली बसलेले असते. आतून येणाऱ्या लहरीला आपटून परतण्याची जागा तितकी जवळ येते आणि लहर थोडी लवकर परत येते. किती लवकर? जाऊन येण्याच्या सहा-सात तासांच्या प्रवासात दहा-बारा सेकंद! एवढ्याशा फरकावरून पाठीमागचा डाग ओळखावयाचा. चार्ल्स लिंडसे आणि डग्लस ब्राउन हे ते दोन संशोधक. त्यांनी 'सोहो' या यानावरील उपकरणाच्या मार्च १९९८ मधील नोंदी घेऊन सूर्याच्या पाठीमागच्या डागांचे चित्र तयार केले आणि ते मार्च २००० मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्या वर्गातील मुलगा तेव्हा बैलजोडी घेऊन शेत नांगरीत असावा.

हे काम करावयाचे तर सूर्याकडे अखंड पाहावे लागते. रात्र झाली की हिशेब तुटतो. म्हणून १९९५ साली पृथ्वीभोवती सहा ठिकाणी एकसारखी उपकरणे बसविण्यात आली: कॅलिफोर्निया, हवाई, ऑस्ट्रेलिया, कॅनरी बेटे, चिली आणि सहावे आपले उदयपूर. या जाळ्याचे नाव 'गाँग'. तेथे सूर्य मावळला की येथे उगवलेला असतो. उदयपूरची सौर वेधशाळा डॉ. अरविंद भटनागर यांनी स्थापिली आणि तिची दुर्बीण फतेहसागर तलावातील बेटावर आहे, कारण भोवती पाणी असले की उन्हाने हवा कमी थरथरते. या जाळ्याच्या नोंदींवरून सूर्याच्या पाठीचे नकाशे नियमाने तयार होतात आणि ते कोणालाही भ्रमणध्वनीवर पाहता येतात. आम्ही रोज सकाळी पंचांगाबरोबर तेही पाहतो. त्यास आमच्या घरी 'पाठचे पंचांग' म्हणतात.

नकाशे पाहून प्रथम निराशाच होते, हे कबूल केले पाहिजे. डाग रेखीव दिसत नाहीत. पिवळसर पार्श्वभूमीवर धुरकट काळे चट्टे दिसतात. लहान डाग त्यात सापडतच नाहीत, मोठा डागही कधी पुसट होऊन हुलकावणी देतो. तोंडावर कापड घेतलेल्या माणसाच्या आवाजावरून त्यास ओळखावे, इतपत ही ओळख आहे.

दुसरा मार्ग फ्रान्सच्या ज्याँ-लू बेर्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला, आणि तोही त्याच सुमारास पुढे आला. खांबाआड ठेवलेला दिवा आपणांस दिसत नाही. पण समोरच्या भिंतीवर उजेड वाढला की वात मोठी झाली, हे समजते. सूर्यकुलात सर्वत्र विरळ हायड्रोजन पसरलेला आहे, तीच ही भिंत. पाठीमागच्या सक्रिय प्रदेशातून जास्त अतिनील किरण निघाले, की त्या बाजूचा हायड्रोजन अधिक उजळतो. सोहो यानावरील 'स्वान' हे उपकरण तो उजेड टिपते.

तिसरा मार्ग म्हणजे सरळ तिकडे जाऊन पाहणे. २००६ साली 'स्टीरिओ' नावाची दोन याने सोडली गेली. एक पृथ्वीच्या पुढे, दुसरे मागे. ६ फेब्रुवारी २०११ रोजी ती सूर्याच्या दोन विरुद्ध बाजूंस पोचली आणि मनुष्यजातीने सबंध सूर्य एकाच वेळी पाहिला. आवाजावरून काढलेले नकाशे पडताळण्याची संधीही त्यामुळे मिळाली आणि मोठ्या डागांच्या बाबतीत ते बव्हंशी खरे ठरले. २३ जुलै २०१२ रोजी यांपैकी एका यानाच्या अंगावर प्रचंड वादळ आदळले. ज्या प्रदेशातून ते सुटले, तो जेमतेम दीड आठवडा आधी पृथ्वीच्या समोर होता. १८५९ च्या तोडीचे ते वादळ होते, असे जाणकार म्हणतात. आपण वाचलो ते केवळ तिथीच्या फरकाने. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये एका यानाचा संपर्क तुटला आणि दुसरे ऑगस्ट २०२३ मध्ये फिरत फिरत पृथ्वीपाशी परत आले. म्हणजे पाठीमागचा तो पहारा उठला. २०२० साली सुटलेले 'सोलर ऑर्बिटर' आपल्या कक्षेत कधी पाठीमागे असते, कधी नसते. तेव्हा रोजच्या रोज भरवसा पुन्हा त्या धुरकट चट्ट्यांवरच. ज्या विद्येस आम्ही वर नाके मुरडली, तिचे महत्त्व असे आहे.

आता मे २०२४. सूर्यावर १३६६४ क्रमांकाचा डागसमूह वाढला. त्याची रुंदी पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे पंधरापट होती. १० आणि ११ मे रोजी २००३ नंतरचे सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ झाले आणि लडाखमधील हानले येथून रात्रीचे आकाश तांबडे दिसले. ग्रहणाच्या चष्म्यातून आम्ही तो डाग नुसत्या डोळ्यांनी पाहिला. त्याच दिवसांत आमचा तो जुना विद्यार्थी घरी आला. सोबत नववीत शिकणारी मुलगी होती. तिनेही तो चष्म्यातून पाहिला. पुढे १४ मे च्या सुमारास डाग काठाआड गेला आणि मुलीने विचारले, "आजोबा, आता तो तिकडे काय करत असेल?"

बाप खाली पाहत होता. त्याला आठवत होते की नाही, हे आम्ही विचारले नाही. आम्ही भ्रमणध्वनी काढला आणि पाठचा नकाशा तिच्यासमोर धरला. चट्टा होता. रोज तो थोडा सरकलेला असे आणि मुलगी रोज संध्याकाळी फोन करून जागा विचारी. २० मे रोजी सोलर ऑर्बिटरने त्याच प्रदेशातून निघालेला, आपल्याकडून मुळीच न दिसणारा एक अतिप्रचंड भडका टिपला. त्यातून सुटलेले वादळ मंगळावर पोचले आणि तेथील 'क्युरिऑसिटी' गाडीने किरणोत्साराची तोवरची सर्वांत मोठी लाट नोंदविली. महिनाअखेरीस तोच समूह पुढच्या काठावर पुन्हा उगवला. त्यास १३६९७ असा नवा क्रमांक मिळाला. सरकारी दफ्तरात तो नवा, मुलीच्या वहीत जुनाच.

आपल्या देशाचे यात काय, असे विचारणारांसाठी दोन शब्द. २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलेले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरवर राहून सूर्य पाहत आहे. त्यावरील अतिनील दुर्बीण 'सूट' ही पुण्याच्या आयुका संस्थेने तयार केली. पुण्याचा हा वारसा जुना आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा चालविली; २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी त्यांनी करमाळ्याजवळील जेऊर येथे तळ दिला होता. १९१२ साली ती वेधशाळा बंद होऊन उपकरणे कोडाईकनालला गेली. परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण वर्तमानपत्रे ती सांगत नाहीत: आदित्य आपल्याच बाजूस उभे आहे, तेव्हा त्यास सूर्याचे तोंडच दिसते, पाठ नाही. पाठीसाठी उदयपूरसारखी जमिनीवरची ठाणी राखावी लागतील. युरोपचे 'व्हिजिल' नावाचे यान २०३१ साली सोडण्याचा बेत आहे. ते सूर्याच्या कुशीकडून पाहील.

आभाळातून आलेल्या पाषाणाने जमिनीचे काय होते, हे लोणारच्या शेजारी राहणाऱ्यांस सांगावे लागत नाही. त्यामुळे विषय लांबचा असल्याचा आक्षेप आम्ही येथे संपला असे समजतो.

उद्या सकाळी आठ वाजता मंडपामागील मोकळ्या जागेत आम्ही जोडदुर्बिणीतून सूर्याचे बिंब कागदावर पाडणार आहोत. दुर्बिणीतून थेट सूर्याकडे कोणीही पाहू नये, डोळा क्षणात जाईल. मुलांच्या मागे घरचे कोणी तरी अवश्य उभे राहावे. वही आणि पेन्सिल आणावी. ज्या विद्यार्थ्यास आम्ही खाली बसविले होते, त्याने कागद धरण्याचे कबूल केले आहे.